दोन्ही चाकांवर सव्वीसच लिहिलंय, मग ब्रेक का लागत नाही?

"मामा, एवढं चाक बसवून द्या. दोन्हीवर सव्वीसच लिहिलंय, मी वाचूनच आणलंय."

शाळा सुरू होऊन आठवडा झाला होता. दुकानासमोर नववीतली पोरगी, तिचे वडील आणि मधे मानव विकास योजनेतून मिळालेली तिची सायकल. पुलाजवळच्या खड्ड्यात पुढचे चाक आदळून रिमचा पार आठ झाला होता. वडिलांच्या हातात दुसरे चाक होते, मोठ्या मुलाच्या जाड टायरच्या गियरवाल्या सायकलचे. मुलगा शिकायला नांदेडला गेला, त्याची सायकल गोठ्यात पडून आहे. घरात चाक असताना नवीन कशाला घ्यायचे, असा त्यांचा हिशोब. दुष्काळ पाहिलेल्या माणसाचा हिशोब असाच असतो आणि त्यात काही चूक नाही.

लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझे सायकल दुरुस्तीचे दुकान आहे. हा प्रश्न माझ्याकडे दर पावसाळ्यात येतो. कधी चाक लहान असते, कधी मोठे. म्हणून एकदा सगळे नीट मांडतो.

मी त्यांच्यासमोरच ते चाक चिमट्यात, म्हणजे पुढचे चाक धरणाऱ्या फोर्कमध्ये, घातले. मडगार्ड काढावे लागले. टायर ब्रेकच्या दोन रबरांमधून जाईना, म्हणून थोडी हवा सोडली. एक्सल खाचेत बसला, नट आवळले, परत हवा भरली, चाक फिरवले. "बसलं की!" वडील म्हणाले. मी पोरीला म्हटले, "ब्रेक दाब गं." तिने दाबला, चाक थांबले. मग तिला खाली वाकून बघायला लावले. ब्रेकचे रबर रिमला लागलेच नव्हते. ते टायरच्या बगलेला चिकटले होते आणि टायरवर दोन चकचकीत पट्टे उमटले होते. असे चार दिवस चालले असते तर रबराने टायरची बगल कापली असती आणि एखाद्या उतारावर, नेमका ब्रेक दाबलेला असताना, टायर फुटला असता. पुढचा टायर ब्रेक दाबताना फुटला तर माणूस हँडलवरून पुढे जातो.

आता दोन्हीवर सव्वीस लिहिलेले असून असे का होते ते पाहू.

बांगडीचे माप आतल्या गाळ्याचे असते. कासाराला आपल्या हाताशी काम, बांगडी बाहेरून किती जाड आहे याच्याशी नाही. टायरवरचा इंचाचा आकडा उलट आहे. तो बाहेरचा आहे, म्हणजे हवा भरलेला टायर या कडेपासून त्या कडेपर्यंत साधारण किती उंच, तो. रिम केवढी आहे हे तो आकडा सांगतच नाही. टायर बारीक असेल तर त्या उंचीत रिम मोठी मावते, टायर जाड असेल तर रिम लहान करावी लागते.

पोरीच्या टायरवर २६ × १ ३/८ असे होते. टायरची तार रिमच्या ज्या बैठकीवर बसते ती बैठक या मापात ५९० मिलिमीटर व्यासाची असते. टायर ३७ मिलिमीटरचा. वर ३७ आणि खाली ३७ मिळवा, ६६४ झाले, म्हणजे सव्वीस इंचांहून थोडे जास्त. भावाच्या टायरवर २६ × २.१० होते. त्याची बैठक ५५९, टायर साधारण ५४. बेरीज ६६७. बाहेरून पाहिले तर दोन्ही चाकांत तीन मिलिमीटरचा फरक. दोन्ही खरोखरच सव्वीस इंची आहेत, कोणी खोटे लिहिलेले नाही. पण आतल्या बैठकीत ३१ मिलिमीटरचा फरक आहे, म्हणजे वरच्या बाजूला साडेपंधरा मिलिमीटर. ब्रेकचे रबर चिमट्यावर जिथे होते तिथेच राहिले, रिम साडेपंधरा मिलिमीटर खाली गेली आणि तिच्या जागी टायर आला. एवढीच गोष्ट आहे.

सव्वीस या एका नावाखाली अशा पाच-सहा वेगवेगळ्या बैठका बाजारात आहेत. जाड टायरच्या सायकलींची ५५९. २६ × १ १/२ ची ५८४, आणि गंमत अशी की साडेसत्तावीस म्हणून जी नवी चाके मिळतात त्यांचीही ५८४च. २६ × १ ३/८ ची ५९०. अपूर्णांक आणि दशांश यांची तर खास काळजी घ्यावी लागते. शाळेच्या गणितात १.७५ आणि १ ३/४ एकच. टायरच्या दुनियेत २६ × १.७५ ची बैठक ५५९ आणि २६ × १ ३/४ ची ५७१. एकाचा टायर दुसऱ्याच्या रिमवर चढवायला गेलात तर एक तर चढणार नाही, नाहीतर चढून हवा भरताना उडेल.

उलटही होते. नाव वेगळे आणि चाक तेच. रेसच्या सायकलवर ७००सी लिहिलेले असते, डोंगरात चालवायच्या मोठ्या सायकलवर २९. दोन्हींची बैठक ६२२. आणि आपल्या आजोबांच्या काळ्या सायकलचे २८ × १ १/२, त्याची ६३५. शहरातल्या बारीक टायरच्या सायकलवरही पुष्कळदा २८ लिहितात, ती मात्र ६२२ची. तेरा मिलिमीटरचा फरक. कोणी काळ्या सायकलसाठी 'अठ्ठावीसचा टायर' म्हणून मागवला आणि घरी आल्यावर तो रिमवर चढेना, असे माझ्याकडे दोनदा आले आहे.

म्हणून इंच सोडा. टायरच्या बगलेवर चिखल पुसून बारीक अक्षरे शोधा. ३७-५९० किंवा ५४-५५९ असे दोन आकडे आडव्या रेघेने जोडलेले दिसतील. पहिला टायरची रुंदी, दुसरा बैठकीचा व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. जगभर हे आकडे एकाच अर्थाने छापतात. दुकानात जाताना हा दुसरा आकडा मोबाईलमध्ये फोटो काढून न्या. दुकानदाराला 'सव्वीसचं द्या' म्हणू नका.

बैठक जुळली नाही तरी ब्रेक लावता येतो का? कधी कधी येतो. कमानीच्या ब्रेकमध्ये रबर वर-खाली सरकवायला खाच असते. तिची लांबी दहा-पंधरा मिलिमीटरच्या आसपास. ६३० च्या जागी ६२२ बसवले तर रबर चार मिलिमीटर खाली आणावे लागते, सहज होते. ६३५ च्या जागी ६२२, साडेसहा, तेही बहुतेक जमते. ५८४ च्या जागी ५५९, साडेबारा, तिथे खाच संपायला येते. ५९० च्या जागी ५५९ सोडून द्या. दोन वेगळ्या दांड्यांचा ब्रेक असेल, ज्याला व्ही-ब्रेक म्हणतात, तर त्याचे खुंट चिमट्यालाच जोडलेले असतात आणि रबर फार थोडे सरकते. डिस्क ब्रेकला ही अडचण नाही, कारण तो रिमला न धरता हबवरच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यावरच्या, तबकडीला धरतो.

काळ्या सायकलचा रॉड ब्रेक वेगळाच. त्याचे रबर रिमच्या बगलेला लागत नाही, रिमच्या पोटाला, म्हणजे स्पोकच्या तारांच्या बाजूने, खालून वर ओढले जाते. त्यासाठी रिमचा आकारही खास असतो, पोटाला दोन बाजूंना सपाट पट्टी सोडलेली. नव्या सायकलची अरुंद रिम तिथे घातली तर रबराला टेकायला जागाच नाही, ते तारांवर जाईल. त्यात पुन्हा जुन्या काळ्या सायकलला पुढच्या चाकाला ३२ तारा आणि मागच्याला ४०, म्हणून मागची रिम पुढच्या हबवर विणताही येत नाही.

आता चिमट्यातल्या जागेबद्दल. मोठे चाक घालताना लोक बघतात की चाक फिरते का. फिरते, म्हणून निघतात. आपल्याकडे तेवढ्याने भागत नाही. मृग बरसला की काळ्या मातीच्या वाटेवर शंभर पावले जा. टायरवर माती चढते, मडगार्डखाली थापली जाते, पुढच्या शंभर पावलांत चाक जाम. आपण सगळ्यांनी सायकल बांधावर आडवी करून काडीने ती माती खरवडली आहे. बरेच जण पावसाळ्यात पुढचे मडगार्ड काढूनच ठेवतात. त्यामुळे टायर आणि चिमट्याचा माथा यांत डांबरी रस्त्यावर बोटभर जागा पुरत असेल तर शेतवाटेवर दोन बोटे हवीत. मोठे चाक नेमकी हीच जागा खाते.

आणि चिमटा स्प्रिंगचा असेल तर हे अंतर उभ्या सायकलवर मोजून उपयोग नाही. खड्ड्यात तो दबतो तेव्हा चाक वर येते, नाहीतर माथा खाली येतो म्हणा. चिमटा पूर्ण दबला तरी टायर माथ्याला लागता कामा नये. साडेसत्तावीसचे चाक सव्वीसच्या स्प्रिंगच्या चिमट्यात घालून आणलेली एक सायकल मी पाहिली आहे. दुकानात छान फिरत होते. माथ्याच्या खालच्या बाजूला रंग घासून पत्रा उघडा पडला होता. मी ते चाक त्या मुलाला परत लावू दिले नाही.

इथपर्यंत सगळे डोळ्यांना दिसणारे आहे. खरा घोळ न दिसणाऱ्या गोष्टीत आहे, तो म्हणजे हँडलचा.

दुकानातल्या ट्रॉलीची किंवा दवाखान्यातल्या स्ट्रेचरची लहान चाके आठवा. ती ज्या खिळ्याभोवती वळतात तो खिळा पुढे असतो आणि चाक जमिनीला टेकते ती जागा त्याच्या थोडी मागे. म्हणून ट्रॉली ढकलली की चाके आपोआप ढकलण्याच्या दिशेला येतात. सायकलचे पुढचे चाकही असेच आहे. हँडलची नळी तिरपी असते. ती नळी सरळ खाली जमिनीपर्यंत वाढवली अशी कल्पना करा. ती जिथे जमिनीला लागेल त्याच्या मागे चाक टेकलेले असते. या मागे राहिलेल्या अंतराला सायकल बनवणारे ट्रेल म्हणतात.

घरी मोजता येते. सायकल सपाट फरशीवर सरळ उभी धरा. एक सरळ काठी हँडलच्या नळीला समांतर, नळीच्या मध्यरेषेत धरून फरशीपर्यंत न्या आणि तिथे खडूची खूण करा. गवंड्याचा ओळंबा पुढच्या एक्सलच्या मध्यापासून सोडा, दुसरी खूण करा. दोन खुणांमधले अंतर म्हणजे तुमच्या सायकलचा ट्रेल. माझ्या दुकानातल्या फरशीवर अशा खुणा कायम असतात.

आता चाक बदलले की काय होते ते आकड्यांतच पाहा. एक नेहमीची सायकल घ्या. हँडलची नळी ७० अंशांत, चिमट्याचा पुढचा बाक ५५ मिलिमीटर, दोन एक्सलमधले अंतर साधारण १०५० मिलिमीटर, चाक २६ × १ ३/८. हिशोब केला तर ट्रेल येतो ६२ मिलिमीटर. याच सायकलला पुढे २४ × १ ३/८ चे चाक घातले. एक्सल २५ मिलिमीटर खाली आला. सायकलचे तोंड वाकले, नळी सुमारे सव्वा अंशाने अधिक उभी झाली. ट्रेल राहिला ४५. उलट काळ्या सायकलचे २८ चे चाक घातले, मावले असे धरू, तर तोंड तेवढेच वर, नळी अधिक तिरपी आणि ट्रेल ८१. चाकात एका बाजूला इंचभराचा फरक आणि हँडलच्या स्वभावात एवढा बदल.

ट्रेल कमी झालेली सायकल हलक्या हाताने वळते, पण जोरात उतारावर हँडल थरथरते, एक हात सोडला की घाबरायला होते. ट्रेल वाढलेली सायकल जोरात असताना रुळावर चालल्यासारखी सरळ जाते, पण सावकाश चालवताना, गर्दीत, बाजाराच्या दिवशी, हँडल एका बाजूला पडू पाहते आणि ते सारखे उचलून धरावे लागते. हँडलला पिशवी किंवा घागर लटकवली की हे पडणे आणखी वाढते. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले, त्या उन्हाळ्यात घागरी लटकवलेल्या सायकलींची रांग ज्यांनी पाहिली त्यांना सावकाश चालणाऱ्या सायकलचे हँडल किती जड होते ते सांगायला नको.

सायकल तोल का धरते याचे सगळे उत्तर ट्रेलमध्ये आहे असे मात्र नाही. २०११ साली काही संशोधकांनी अशी एक सायकल करून दाखवली जिच्यात ट्रेल उलटा होता आणि चाकांच्या फिरण्याचा आधारही काढून टाकला होता, तरी ती ढकलून सोडली की स्वतः तोल धरून चालायची. वजन कुठे आहे, तेही धरावे लागते. पण तुमच्या-माझ्या सायकलला चाक बदलल्यावर हातांना जो फरक जाणवतो तो बहुतेक ट्रेलचाच असतो.

तोंड वाकण्याचे आणखी परिणाम आहेत. लहान चाक घातले तर पायडलचा मध्य साधारण एक सेंटिमीटर खाली येतो आणि वळताना आतले पायडल जमिनीला ठेचते. सीटचे नाक खाली जाते, माणूस पुढे घसरत राहतो, दोन कोस गेल्यावर तळहात बधिर होतात. मोठ्या चाकाची वेगळी तऱ्हा. सावकाश वळताना चपलेचे टोक टायरला लागते. लहान फ्रेमच्या सायकलला, म्हणजे मुलींच्या आणि शाळेतल्या मुलांच्या सायकलला, हे जास्त होते.

माझ्या लहानपणी दादांकडे तासावर भाड्याने द्यायच्या सायकली होत्या. त्यातल्या एका सव्वीसला, नवे चाक घ्यायला पैसे नव्हते म्हणून, पुढे चोवीसचे चाक होते. ब्रेक लागत नव्हता म्हणून काढून टाकलेला, फक्त मागचा ठेवलेला. ती मुलांची आवडती सायकल होती, कारण पाय टेकायचे. एका मुलाने ती तळ्याच्या उतारावर सोडली. खाली वळणावर पायडल ठेचले, हँडल फिरले. त्याच्या हनुवटीला सात टाके पडले. दादांनी दुसऱ्या दिवशी ते चाक काढून तराजूच्या मागे टांगून ठेवले आणि ती सायकल वर्षभर भाड्याने दिली नाही.

एक गैरसमज पुसायलाच हवा. पुढचे चाक मोठे केले की सायकल जोरात पळते असे अनेक मुले समजतात. पळत नाही. चेन मागच्या चाकाला ओढते. एका पायडलात सायकल किती पुढे जाईल हे चेनच्या दोन चक्रांचे दाते आणि मागचे चाक ठरवते. पुढचे चाक नुसते ओढले जाते. फार जुन्या काळी हे खरे होते. पायडल पुढच्या चाकालाच जोडलेले असायचे, म्हणून वेग हवा तर चाक मोठे, आणि त्यातून ती पुरुषभर चाकाची उंच सायकल झाली. १८८५ च्या सुमारास इंग्लंडमध्ये जॉन केंप स्टार्ली यांनी चेन मागच्या चाकाला जोडलेली सायकल बाजारात आणली आणि पुढच्या चाकाला मोठे असण्याचे कारण उरले नाही. स्पीडोमीटर मात्र फसवू शकतो. त्याचा सेन्सर पुढच्या चाकावर असेल आणि सव्वीसच्या जागी चोवीस घातले असेल तर तो खऱ्या वेगापेक्षा आठ टक्के जास्त दाखवेल.

खड्ड्यांचे काय? मोठे चाक खड्ड्यातून सहज निघते हे खरे, पण किती? पुढच्या चाकावर ३० किलो भार धरला आणि समोर पाच सेंटिमीटरची पायरी आली तर २४ च्या चाकाला वर चढवायला साडेएकोणीस किलोचा रेटा लागतो, २६ ला साडेअठरा, २८ ला पावणेअठरा. फरक आहे, पण त्यासाठी हँडलचा स्वभाव बिघडवावा एवढा नाही. खड्ड्यांचा त्रास असेल तर त्याच रिमवर थोडा जाड टायर, चिमट्यात जागा असेल तेवढा, हा माझा सल्ला.

मग पुढे-मागे वेगळी चाके वाईटच का? नाही. सामान पोचवणाऱ्या सायकली परदेशात पुढे लहान चाकाच्या बनवत, वर मोठी टोपली बसावी म्हणून. आज डोंगर उतरायच्या शर्यतीत पुढे २९ आणि मागे साडेसत्तावीस चाके सर्रास दिसतात. जागतिक सायकल संघटनेने माउंटन बाइकच्या शर्यतींत २०१९ साली त्याला परवानगी दिली. रस्त्यावरच्या शर्यतीत मात्र तिचा नियम दोन्ही चाके एकाच व्यासाची असा आहे. या सायकली चालतात कारण त्यांची फ्रेम, नळीचा कोन आणि चिमटा आधीपासून त्या दोन चाकांसाठी धरून केलेले असतात. आपण करतो ते उलटे. फ्रेम एका चाकासाठी केलेली आणि घरात सापडले म्हणून दुसरे.

तरी अडलेल्याला काही करायचेच असेल तर एक्सलच्या मध्यापासून जमिनीपर्यंतची उंची दोन्ही चाकांची मोजा, हवा भरून. फरक एक सेंटिमीटरच्या आत असेल, ब्रेकचे रबर पूर्णपणे रिमवर बसत असेल, हबची रुंदी चिमटा न ताणता मावत असेल आणि वर मातीपुरती जागा उरत असेल, तर चाक बसवा, सायकल चालेल. यातले ब्रेकचे जमले नाही तर बाकी सगळे जमले तरी बसवू नका.

त्या दिवशी भावाचे चाक मी वडिलांना परत दिले. पोरीच्या मोडलेल्या चाकाचा हब चांगला होता. छर्रे धुऊन ग्रीस भरले, ५९० ची, तेवढ्याच भोकांची नवी रिम घेतली, जुन्या तारांतल्या चार सोडून सगळ्या वापरल्या. तिचाच टायर, तिचीच ट्यूब. विणून आऊट काढायला, म्हणजे चाक डुगडुगणार नाही असे सरळ करायला, संध्याकाळ झाली. वडील बाकावर बसून होते. पैसे अर्धे दिले, अर्धे सोयाबीनला देतो म्हणाले.

पोरगी सायकल घेऊन गल्लीत गेली, टोकापर्यंत जाऊन वळली. येताना मी हात वर केला तसा तिने पुढचा ब्रेक दाबला. मग स्वतःच खाली वाकून रबर कुठे लागले ते बघितले.